झाडलेली पावलं

सायलसअंकल,

तुमच्या नावाची पट्टी अजून 'आत'च्याच बाजूला लटकते आहे.

आपल्या लॅबच्या कोल्ड रूमच्या दाराशेजारचा तो फळा तुम्हीच लावून घेतला होता. डावीकडे 'आत', उजवीकडे 'बाहेर', आणि आपल्या पाच जणांच्या नावांच्या पाच पट्ट्या. आत जाताना पट्टी डावीकडे अडकवायची, बाहेर आलं की उजवीकडे. बाहेर सिंगापूरचा उकाडा, आत उणे वीस. आत माणूस राहिला आणि बाहेर कुणाला पत्ताच नाही, तर काय होतं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. मी तीनदा विसरले आणि तीनदा तुमची बोलणी खाल्ली. तुम्ही सहा वर्षांत एकदाही विसरला नाहीत. त्या सोमवारी संध्याकाळी आपण दोघं एकाच लिफ्टने खाली आलो. तुम्ही तुमच्या बसने तोआ पायोहला गेलात, मी एमआरटीच्या ट्रेनने सेंगकांगला. मंगळवारी सकाळी तुम्ही उठलाच नाहीत. आणि पट्टी डावीकडे.

तिला अजून कुणी हात लावलेला नाही. मी इंजिनिअर आहे, सेन्सरवर दिसेल ते खरं मानणारी बाई आहे, पण गेला आठवडाभर तिथून जाताना मी समोरच्या भिंतीकडे बघत जाते.

तुम्हाला मराठीतले मोजून चार शब्द यायचे. चला, चहा, बास, आणि 'मी आहे'. तरी हे सगळं मराठीतच लिहिते आहे, कारण इंग्रजीत मी तुमच्याशी सहा वर्षं फार सभ्यपणे बोलले. आता मला सभ्यपणा नको आहे.

ते 'मी आहे' तुम्ही इंटरकॉममुळे शिकलात. आत कुणी काम करत असलं की बाहेरच्याने दर पंधरा मिनिटांनी बटण दाबून विचारायचं, हाही तुमचाच नियम. इतर लोक 'ऑल ओके?' विचारायचे. मी एकदा कंटाळून 'आत कोण आहे?' असं मराठीतच विचारलं, त्याचा अर्थ सांगितला, उत्तर शिकवलं, आणि तेव्हापासून तुमचं ते हेल काढून म्हटलेलं 'मी आऽहे' त्या जाळीदार स्पीकरमधून यायचं. तुम्ही गेलात त्याच आठवड्यातली गोष्ट. गुरुवारी दुपारी मी नुसती तिथून जात होते. आत दिवे बंद, कुणी नव्हतं. सवयीने माझा अंगठा बटणावर गेला आणि मी विचारून मोकळी झाले. आतून आधी काही नाही. मग टक् असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा, टक् टक्.

मला ठाऊक आहे ते काय असतं. तुम्हीच सांगितलं होतं. आत साठवलेल्या बर्फात हजारो वर्षांपूर्वीची हवा बुडबुड्यांमध्ये अडकलेली असते, तापमान जरासं हललं की ती बर्फाला तडा देऊन बाहेर पडते. 'जेव्हा हा श्वास घेतला गेला, तेव्हा तुझं पुणंही नव्हतं,' असं म्हणून तुम्ही हसला होतात. सगळं ठाऊक असूनही मी त्या स्पीकरला 'बरं' असं उत्तर दिलं आणि झपाझप जिन्याने खाली गेले.

आपली पहिली भेट तर मी कुणाला सांगत नाही. आज सांगते. मी रुजू झाले त्या सकाळी तुम्ही दाराशी साचलेलं पाणी पुसत होतात. काळा, उंच, पिकल्या दाढीचा माणूस आणि हातात पोचा. मी तुम्हाला म्हटलं, माझ्या टेबलावरचा दिवा फडफडतोय, जरा बघा. तुम्ही पोचा भिंतीला टेकवलात, स्टूल आणलंत, दिवा नीट केलात. तासाभराने विभागप्रमुखांनी ओळख करून दिली. तू ज्या बर्फाची मोजमापं घेणार आहेस तो सगळा याने स्वतः दक्षिण ध्रुवाकडच्या पठारावर भोकं पाडून वर काढलेला आहे, हा सायलस. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तुम्ही एवढंच विचारलंत, 'दिवा बरा आहे ना आता?'

आणि मी कोण? फ्लॅट शोधताना फोनवर 'इंडियन नकोत' हे ऐकून रडलेली, त्यावर ऑफिसभर भाषणं दिलेली मी. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. माझं जळूनही मला कळलेलं नव्हतं. पुढे कधीतरी मी माफी मागितली, तेव्हा तुम्ही म्हणालात की तुमच्या बेटावरच्या आईनेसुद्धा तुमचं काम शेवटपर्यंत फ्रीजदुरुस्तीचंच समजलं होतं. तिने बर्फ फक्त सरबतात पाहिलेला.

तुम्ही तिकडे बर्फावर गेलात ते गाड्यांचे मेकॅनिक म्हणून. हे मला तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं, कारण तुम्ही स्वतःहून कधी सांगायचा नाहीत. जनरेटर बंद पडला तेव्हा अकरा माणसांना जिवंत ठेवणारा जुगाड तुमचा. बर्फ न तुटता वर काढायची ड्रिलची ती खास पकड तुमची. शोधनिबंधांच्या तळाशी बारीक अक्षरात 'व्यवस्था पाहणाऱ्या सर्वांचे आभार' असतं ना, त्या 'सर्वां'मध्ये तुम्ही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. मी चिडायचे. तुम्ही म्हणायचा, 'मेधा, बर्फाला नावं वाचता येत नाहीत.' मी म्हणायचे, मला येतात.

तो वाद आपला कधी संपलाच नाही.

ईस्ट कोस्टची ती शनिवारची सकाळ आठवते? तुम्ही, मी आणि माझी लेक ईरा. समुद्रात जहाजं ओळीने उभी होती, आपण वाळूत पाय सोडून बसलो होतो, आणि ईराने तुमच्या डाव्या पायाकडे बोट दाखवून विचारलं, 'अंकल, व्हाय युअर दिस साइड ओन्ली गॉट थ्री टोज?' मी डोळे वटारले. तुम्ही शांतपणे सांगितलंत, उरलेली दोन बर्फाने ठेवून घेतली. ईराने जरा विचार केला आणि इथल्या मुलांसारखा शेवटी 'लाह' जोडून ती म्हणाली, 'देन यू गो बॅक अँड टेक, लाह.' तुम्ही किती हसलात. ती पाण्याकडे पळाली आणि तुमचं हसू हळूहळू उतरलं, तेही मी पाहिलं.

त्याच आठवड्यात तुम्ही मला तुमचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला होतात, जुन्या स्लाइड्सनी भरलेला. आपल्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर तुमच्या त्या बर्फावरच्या मोहिमेचे फोटो लागणार होते. तेव्हाचे तुमच्या तुकडीचे नेते, आता फार मोठे आणि फार म्हातारे, स्वतः उद्घाटनाला येणार होते. भिंतीचं काम माझ्याकडे आलं, कारण मी 'पुण्याची, प्रेझेंटेशन छान करते'. स्लाइड्स स्कॅन करता करता माझ्या लक्षात आलं की तुम्ही एकाही फोटोत नाही. मग लक्षात आलं की तुम्ही प्रत्येक फोटोत आहात. सूर्य नेहमी फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी. प्रत्येक फोटोच्या तळाशी एक लांबच लांब सावली पडलेली, दोन्ही कोपरं वर उचललेली, डोळ्याला कॅमेरा लावलेल्या माणसाची. तंबू, सावली. गाडी, सावली. जेवायला बसलेले लोक, आणि त्यांच्या ताटांपर्यंत आलेली सावली. दुपारी चार वाजता भर उजेडात बसून मी ते बघत होते आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण सगळे लोक कॅमेऱ्याकडे बघून हसत होते आणि त्या सावलीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

सर्वात मोठा फोटो त्या टोकाचा होता. पठाराचं सगळ्यात उंच टोक, त्याआधी कुणी माणूस तिथे पोचलेला नव्हता. नेते एकटे उभे, हातात निशाण, सभोवती कोरा करकरीत बर्फ. खाली तुमची सावली, आणि सावलीच्या शेजारी बर्फात खोचलेल्या एका काठीची सावली. मी तुम्हाला वाळूत बसल्या बसल्या विचारलं, तो दांडा कसला आहे, निशाणाचा दुसरा बांबू का?

'झाडू,' तुम्ही म्हणालात.

मग सांगितलंत. गाडी पुढे जाईना, वाट भेगांनी भरलेली. आदल्या दिवशी नेत्यांनी तुम्हाला पुढे पाठवलं, एकट्याला, वाट तपासायला. आधी काठी टोचायची, बर्फ भरीव लागला की मग पाऊल टाकायचं. आधी काठी, मग पाऊल. असं चालता चालता एका जागी आलात तर चारही बाजूंनी जमीन खाली उतरत गेलेली दिसली. तेव्हा कळलं की आपण टोकावर उभे आहोत. तुम्ही तिथे बसलात, एक बिस्किट खाल्लंत आणि परत आलात. डाव्या बुटात बर्फ गेला होता, दोन बोटं तिथेच गेली. तंबूत येऊन सांगितलंत की वाट सापडली, टोकही सापडलं. दुसऱ्या दिवशी सगळे निघाले तेव्हा नेते तुम्हाला म्हणाले, सायलस, तू झाडू घेऊन पुढे हो. तंबूवरचा बर्फ झाडायचा झाडू. तुम्ही दुखरा पाय ओढत पुढे गेलात आणि टोकावरची आपली पावलं आपल्या हाताने झाडून टाकलीत. मग बाजूला होऊन फोटो काढलात.

त्यावर मी फार बोलले. तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत, कुणाला सांगितलं का नाहीत, इतकी वर्षं कसं गिळलंत. तुम्ही समुद्राकडे बघत होतात. म्हणालात, 'पावलं राहत नसतात. वारा नेतोच. वाऱ्याने नेली की वाईट वाटत नाही, ते त्याचं काम आहे.' मग म्हणालात, 'काळा माणूस बर्फात लांबून उठून दिसतो म्हणतात. मी तर कुणाला दिसलो नाही.'

मी तुमच्या हातावर हात ठेवून सांगितलं की मी लिहीन. भिंतीवर लिहीन. त्या फोटोखाली, मोठ्या अक्षरांत. तुम्ही नको म्हणाला नाहीत, सायलसअंकल. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की तुम्हाला ते हवं आहे हे मला स्वच्छ दिसलं. बर्फाला नावं वाचता येत नाहीत वगैरे सगळं त्या एका नजरेत खोटं ठरलं.

आणि मग मी शेपूट घातलं.

विभागप्रमुखांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, तळाला ती सावली वाईट दिसते, काप, क्लीन दिसू दे. मी तोंड उघडलं होतं. माझा इथल्या नोकरीचा पास पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचा होता, अर्ज त्यांच्याच टेबलावर होता, ईराची शाळा, घराचा करार, सगळं त्या एका कागदाला टांगलेलं. मी 'हो' म्हटलं. माऊसने चौकट खालून वर ओढली. कोपरं गेली, कॅमेरा गेला, झाडूही गेला. अगदी छान दिसायला लागला फोटो. खाली नेत्यांचं नाव आणि 'पहिलं पाऊल'. त्या सोमवारी दुपारी मी छापाचा नमुना तुम्हाला दाखवला, म्हणजे दाखवावा लागला, तुम्हीच मागायला आलात.

तुम्ही बराच वेळ बघितलंत. मग फोटोच्या खालच्या कडेवरून, जिथे सावली असायला हवी होती तिथून, बोट फिरवलंत. 'स्वच्छ,' म्हणालात. 'छान स्वच्छ झालंय.' आणि मी काय केलं, तर वाकून बुटाची नाडी बांधली. माझ्या बुटाला नाडी नव्हती.

तुम्ही पट्टी डावीकडे अडकवून आत गेलात. मी बाहेर बसले. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मी बटण दाबलं नाही. माझी हिंमतच झाली नाही तुम्हाला 'आत कोण आहे?' विचारायची. तुम्ही बाहेर आलात तेव्हा दाढीवर बर्फाची भुकटी होती. लिफ्टमध्ये तुम्ही फक्त 'चला' म्हणालात. तेव्हाच तुम्ही पट्टी हलवायला विसरला असणार, असं मी स्वतःला समजावते. दुसरं काही मला समजावता येत नाही.

तुमच्या मुलीचा दूरदेशाहून फोन आला. तिला इतक्यात येता येत नव्हतं, तर फ्लॅट रिकामा करून पुढच्या मंगळवारी दुपारी बारा वाजता एजंटच्या ताब्यात देण्याचं मी कबूल केलं. सामान होतं किती? चार खोकी. समोरच्या दारातल्या चिनी आजी, सगळ्यांच्या आ-मा, रोज येऊन उभ्या राहायच्या. तुम्ही त्यांचा पंखा, मिक्सर, रेडिओ सगळं दुरुस्त करून दिलेलं, त्या तुम्हाला सूप आणून द्यायच्या, आणि दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. सोमवारी, म्हणजे सातव्या दिवशी, संध्याकाळी त्या हातात बेबी पावडरचे दोन मोठे डबे घेऊन आल्या. रिकाम्या हॉलमध्ये त्यांनी दारापासून खिडकीपर्यंत पावडर चाळणीने चाळत पसरली, खिडक्या गच्च लावल्या, पंख्याचं बटण बंद केलं. मला म्हणाल्या, 'टुनाइट ही कम बॅक. यू डोन्ट कम. टुमॉरो मॉर्निंग, वी सी.'

मी हसले नाही, कारण आमच्याकडेही हे आहे. माणूस गेला की त्याला ठेवलेल्या जागी दिवा लावतात, खाली पीठ पसरतात, वर टोपली पालथी घालतात, आणि नंतर टोपली उचलून बघतात, कशाचं पाऊल उमटलंय. माझे बाबा गेले तेव्हा कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आत्याने टोपली उचलली आणि म्हणाली, चिमणीचं आहे, सुटला माझा भाऊ. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. म्हटलं, आत्या, पाल गेली असेल. आत्या महिनाभर बोलली नाही माझ्याशी. त्या हॉलच्या दारात उभी राहून मी ती पांढरी जमीन बघत होते. संध्याकाळचा उजेड पडला होता आणि त्या कोऱ्या पांढऱ्यावर एक रेघही नव्हती. मला त्या फोटोतला नेत्यांच्या भोवतीचा बर्फ आठवला आणि मी पटकन दार ओढून घेतलं.

मंगळवारी नऊ वाजता गेले. किल्ली आ-मांकडेच होती. त्यांनी दार उघडलं आणि त्या बाजूला झाल्या, आत आल्या नाहीत.

पावलं होती.

मी नीट सांगते, कारण मी आयुष्यभर नोंदीच केल्या आहेत. पहिलं पाऊल उंबऱ्यापासून दोन हातांवर होतं, दार आणि पाऊल यांच्यामध्ये पावडर कोरी. अनवाणी, मोठी, पुरुषाची. अंतर सारखं. दारापासून सरळ खिडकीकडे. प्रत्येक पावलाच्या पुढे वीतभर अंतरावर एक बारीक गोल टोचा, काठीचा पडावा तसा. आधी टोचा, मग पाऊल. आधी टोचा, मग पाऊल. मी खाली बसले. डाव्या पावलाला तीनच बोटं होती. माझ्या डोक्यात काय आलं असेल सांगा? ईराचं वाक्य. म्हटलं, म्हणजे ती दोन बोटं काही अजून परत मिळालेली दिसत नाहीत. आणि मी तिथे त्या दारात उकिडवी बसून हुंदके देत रडले.

आ-मांच्या पायांकडे मी बघितलं, हे कबूल करते. पाचही बोटं जागेवर होती. त्यांच्या लक्षात आलं असावं, त्यांनी चप्पल घातली. खिडकीशी दोन्ही पावलं जवळ जवळ उभी होती, बाहेर बघत असल्यासारखी. परत येणारं एकही पाऊल नव्हतं. मी तीनदा पाहिलं.

'ही कम,' आ-मा म्हणाल्या. मग घड्याळ बघून त्यांनी आपल्या घरातून झाडू आणला आणि माझ्या हातात दिला. 'नाउ यू स्वीप. एजंट कमिंग.'

झाडू हातात आला आणि माझे हात थंड पडले. मी अजून तुमच्याइतकी थंडी कधी पाहिलेली नाही, पण तो झाडूचा दांडा मला बर्फासारखा लागला. तुम्ही पाय ओढत कसे गेला असाल ते मला तेव्हा कळलं. कुणी ओरडून सांगितलेलं नसतं. समोर स्वच्छ करायची जागा असते, हातात झाडू असतो, आणि मागे वाट बघणारे लोक असतात. सावली कापताना माझ्या मागे कोण कोण उभं होतं ते मला एकेक करून आठवलं.

मी झाडू कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकवला, उंबऱ्यावर बसले आणि लॅपटॉप उघडला. भिंतीच्या फोटोंची फाइल त्या संध्याकाळी छापायला जायची होती. मी टोकाचा अख्खा फोटो परत लावला, कोपरांसकट, झाडूसकट. नेत्यांच्या नावाखाली लिहिलं: 'या टोकावर पहिलं पाऊल सायलस यांचं. ते त्यांनी फोटोसाठी स्वतः झाडलं. खाली दिसते ती त्यांची सावली.' छापखान्याला पाठवलं, विभागप्रमुखांना त्याची प्रत पाठवली, आणि खाली लिहिलं की आधीचा फोटो मी कापला होता, चूक माझी. आज बुधवार. त्यांचं उत्तर आलेलं नाही. पासचंही काही कळलेलं नाही. ईराला काल सांगितलं की कदाचित आपल्याला पुण्याला जावं लागेल, तर ती म्हणाली, 'बिकॉज ऑफ अंकल?' मी हो म्हटलं. ती म्हणाली, 'ओके, लाह.' मला भीती वाटते आहे. तुम्हाला खोटं का सांगू? पण नाडी बांधायला वाकावं असं वाटत नाही.

मंगळवारी एजंट बाराच्या आधीच आला. दारातून डोकावून म्हणाला, मॅडम, फ्लोअर क्लीन हवं. मी म्हटलं, तुम्हाला झाडायचं असेल तर झाडा, माझ्या हातून एकदा झालंय. त्याला काही कळलं नाही. आ-मा त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. त्याने एकदा जमिनीकडे पाहिलं आणि तो लिफ्टपाशी जाऊन उभा राहिला. मी भिंतीला पाठ घासत, एकाही पावलाला धक्का न लावता, कडेकडेने खिडकीपर्यंत गेले. तुमच्या शेवटच्या दोन पावलांशेजारी उभी राहिले. खाली झाडं, मुलांचं मैदान, त्यापलीकडे बस. मी खिडकी उघडली. मग समोरचं दारही पूर्ण उघडं ठेवलं आणि कोपऱ्यात बसून राहिले.

वारा यायला वेळ लागला. सिंगापूरला वारा कधी वेळेवर येत नाही. मग पडदा नसलेल्या त्या खिडकीतून एक झुळूक आली आणि पावडर उठली. आधी टोचे बुजले, मग डाव्या पायाची ती तीन बोटं. वाऱ्याने नेली, सायलसअंकल. माणसाने नाही नेली. मी शेवटपर्यंत बघत होते, माझी सावली तिथेच त्यांच्या कडेला पडलेली होती.

उद्या सकाळी मी लॅबमध्ये लवकर जाणार आहे. तुमची पट्टी उजवीकडे करायची आहे. पण त्याआधी त्या सोमवारी राहिलेलं काम करीन, दार बंद ठेवून बटण दाबीन आणि विचारीन, आत कोण आहे? पूर्ण पंधरा मिनिटं थांबीन, तुमचा नियम आहे. उत्तर आलं नाही, तरच पट्टी हलवीन.

तुमची,
मेधा